हळदीचा दोरा

मी औषधं विकणारा माणूस. डी. फार्म. करून वारंगा फाट्यावर मेडिकल टाकलं आणि तिथंच केस पांढरे केले. डॉक्टर व्हायची हौस मला कधीच नव्हती. पण शेजारच्या गंगासागर सिस्टरनी मला डॉक्टर केलं, आणि तेही साधासुधा नाही, स्वतःच्या मालकीचं हॉस्पिटल असलेला मोठा डॉक्टर. दुपारी गिऱ्हाईक तुटलं की भिंतीपलीकडून हाक यायची, "रफीकभाई, या बरं. डॉक्टर व्हा." माझी बायको हमीदा आतून हसायची. "जाव जी, सिस्टर बुलारे. तुमारा दवाखाना खाली पडा है." मग मी शटर अर्धं ओढून सिस्टरच्या ओसरीवर जायचो, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचो आणि समोर घामाघूम होऊन उभ्या असलेल्या एखाद्या पोरीकडं रागानं बघायचो. रागानं बघायचं ही सिस्टरचीच सूचना होती.

सिस्टर सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या. उंचीला कमी, रंगानं काळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि चाल अशी की पाठीमागं कुणीतरी सलाईन संपली म्हणून ओरडतंय. घरातसुद्धा चपला घालून टाचा वाजवत फिरायच्या. रिटायर झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, सिस्टर मुलाखतींना लागल्या. नर्सिंगचा कोर्स केलेल्या पोरी गावोगाव असतात. कुणी औंढ्याकडची, कुणी सेनगावकडची. कोर्स होतो, सर्टिफिकेट मिळतं, आणि पहिल्या मुलाखतीचं बोलावणं आलं की रात्रीची झोप उडते. मग कुणीतरी सांगतं, फाट्यावर एक सिस्टर हाय, ती तयारी करून घेती. फी काही नव्हती. शिव्या मात्र पोटभर मिळायच्या.

माझ्या धंद्याचं त्यांनी किती वाटोळं केलं त्याचा हिशोब मी ठेवला नाही. दुकानासमोरून जाता जाता थांबायच्या आणि गिऱ्हाइकाच्या हातातली स्ट्रिप उलटी करून बघायच्या. "हे काहून घेऊन राहिला? ताप हाय का? न्हाई ना? मंग ठीव तिथंच. घरी जाऊन पाणी पी अन झोप." गिऱ्हाईक बिचारं माझ्याकडं बघायचं. मी काय बोलणार? स्ट्रिप परत बरणीत टाकायचो. एकदा मी वैतागून म्हणालो, "सिस्टर, मी पण लेकराबाळांचा धनी हाय." तर म्हणाल्या, "म्हून तर बोलते. लोक जगले तर तुमचं दुकान चालंल."

ओसरीवरची मुलाखत मात्र बघण्यासारखी असायची. पोरगी दारातून आत येणार, नमस्कार करणार, बस म्हटल्याशिवाय बसणार नाही, बसताना खुर्ची फरफटणार नाही. हे सगळं ती पुन्हा पुन्हा करायची. सिस्टर मेट्रनच्या, म्हणजे मुख्य नर्सच्या जागी. मी मोठा डॉक्टर. पहिला प्रश्न ठरलेला, नर्स का व्हायचंय? पोरीही ठरलेलं उत्तर घोकून आलेल्या असायच्या. साखऱ्याच्या बाजूची एक पोरगी छातीवर हात बांधून म्हणाली, "मला लहानपणापासून रुग्णसेवेची आवड आहे."

"थांब," सिस्टर म्हणाल्या. "लहानपणी कुठं पाहिली व्हतीस गं रुग्णसेवा? काय करत व्हतीस लहानपणी?"

"शेळ्या राखत व्हते."

"एखादी शेळी अडली व्हती का कवा?"

"व्हय. पिल्लू आडवं आलं व्हतं. घरी कुणी नव्हतं. म्या हात घालून वढलं."

"जगलं का?"

"जगलं."

"मंग हे सोडून आवडीचं कीर्तन काहून लावलंस? हे सांग. हे ऐकून डॉक्टर खुर्चीत सरळ बसंल." आणि माझ्याकडं वळून, "बसा सरळ, रफीकभाई."

मी सरळ बसलो. ती पोरगी हसली, आणि त्यानंतर तिला भीती म्हणून राहिली नाही. आता ती परभणीकडं कुठंतरी बाळंतपणाच्या वॉर्डात आहे.

मला एकच प्रश्न दिलेला होता. पेशंटच्या नातेवाइकानं तुझ्या अंगावर हात टाकला तर काय करशील? हा प्रश्न मी आवाज चढवून विचारायचा. बहुतेक पोरी म्हणायच्या, मी शांतपणे समजावून सांगीन. एक मात्र म्हणाली, "म्या बी टाकीन." मला हसू आवरेना. सिस्टर माझ्यावरच भडकल्या. "मोठे डॉक्टर हसत न्हाईत! तुमच्या हसण्यानं पोरगी नापास व्हईल." मग तिच्याकडं वळून हळू आवाजात म्हणाल्या, "तुझं बराबर हाय. पण मुलाखतीत म्हणू नको. नोकरी लागल्यावर टाक."

शेवटचा प्रश्न त्या स्वतः विचारायच्या, आणि तेव्हा ओसरीवर कुणी हसत नसे. तुझ्या हातात पेशंट गेला तर काय करशील? एखादी म्हणायची, मला रडू येईल. सिस्टर रागवायच्या नाहीत. "रडू येणारच की. माणूस हावोत आपण. पण आधी त्याचे डोळे मिटवायचे. हनुवटी बांधायची. हातपाय सरळ करायचे, अंग पुसायचं. मंग आपले हात धुवायचे, कोपरापसून. मंग कोपऱ्यात जाऊन रडायचं. हात धुतल्याबिगर आपल्या डोळ्याला हात लावायचा न्हाई." हे सांगताना त्या हवेतच हात धुऊन दाखवायच्या. बोटांच्या बेचक्या, अंगठा, मनगट, कोपर.

आणि हात म्हटलं की बांगड्या आल्या. सिस्टरच्या ओसरीचा एकच कडक नियम होता. पायरीजवळ एक स्टीलचं ताट ठेवलेलं असायचं. वर चढायच्या आधी पोरीनं हातातल्या बांगड्या काढून त्यात ठेवायच्या. मुलाखतीलाही मोकळ्या हातानंच जायचं, आणि हात टेबलावर ठेवायचे, समोरच्याला दिसतील असे. "बांगडीखाली जे बसतं ते साबणानं निघत न्हाई. वॉर्डात जायचंय, लग्नात न्हाई."

लग्न न झालेल्या पोरींचं काही नव्हतं. त्या पटापट काढायच्या. खरी पंचाईत लग्न झालेल्यांची. आमच्याकडं सवाष्णीचा हात मोकळा ठेवत नाहीत. कासाराकडं नवा चुडा भरायला बसली तरी जुनी एक बांगडी हातात ठेवतात, आणि तीही काढायची वेळ आली तर मनगटाला हळदीचा दोरा गुंडाळतात. एवढा त्या काचेचा धाक. एकदा कुणाची तरी सासू भर फाट्यावर ओरडत आली होती. "ही बाई लोकाच्या सुनांचे हात मोकळे करून राहिली! हिचा गेला म्हून सगळ्यांचे घालवाया निघाली!" चहाच्या गाड्यावरची माणसं उभी राहून बघत होती. सिस्टर दारात आल्या. "माय, तुझ्या सुनंच्या बांगडीखालची घाण एखाद्या बाळंतिणीच्या अंगात जाती. मरती ती. तिच्या लेकराची माय जाती. तिला कुणी सासू नसती व्हय?" सासू निघून गेली, आणि सून काही परत आली नाही.

"हिचा गेला" हे त्या बाईनं म्हटलं ते मी ऐकलं होतं, पण पूर्ण हकिगत मला हमीदानं सांगितली. दोघी एका दुपारी शेंगा फोडत बसल्या होत्या तेव्हा सिस्टरनी तिला सांगितलेली. सिस्टरचे मालक वीज मंडळात लाईनमन होते. खांबावर चढले असताना कुणीतरी चुकून लाईन चालू केली. सिस्टर तेव्हा ड्युटीवर होत्या, बाळंतपण चालू होतं, बांगड्या खिशात काढून ठेवलेल्या. निरोप आला तसं त्या मोकळ्या हातांनीच धावत गेल्या. सासूनं प्रेताजवळून पाहिलं आणि किंचाळली, "आधीच काढून आली बघा! हिच्या मोकळ्या हातानं खाल्लं माझं लेकरू!" ते वाक्य त्यांना घरानं जन्मभर ऐकवलं. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही आणि नियमही सोडला नाही. दुसरं कुणी असतं तर त्यानं दोन्हीपैकी एक नक्की केलं असतं.

सविताचं सगळं याच नियमापाशी अडलं.

सविता म्हणजे आमच्या फाट्यावरच्या दत्ताची बायको. दत्ता काळीपिवळी जीप चालवायचा, नांदेड रोडला. गोड पोरगा. माणसं कोंबताना सुद्धा गंमत करायचा, "सरका आजी, अजून एक मंत्री बसायचाय." लग्नाआधी सविताचा नर्सिंगचा कोर्स झाला होता, पण दत्ताची आई पारूबाई हिनं लग्नातच सांगून टाकलं होतं, आमच्या सुनेनं लोकाचं हगणंमुतणं काढायचं नाही. मग दत्ताच्या किडन्या गेल्या. सुरुवातीला पायावर सूज यायची, तो माझ्याकडून गोळ्या न्यायचा. मी म्हणालो होतो, मोठ्या डॉक्टरला दाखव. दाखवलं तेव्हा उशीर झालेला होता. जीप विकली. ज्या रोडवर तो गाडी हाकायचा त्याच रोडनं आठवड्यातून दोनदा मागच्या सीटवर बसून डायलिसिसच्या मशीनवर जायला लागला. पारूबाई दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायची. घर एवढ्यावर चालणं शक्य नव्हतं. नांदेडच्या एका खाजगी हॉस्पिटलात नर्सच्या जागा निघाल्या आणि सविताला मुलाखतीचं बोलावणं आलं. हगणंमुतणं काढायचं नाही म्हणणारी पारूबाईच तिला हाताला धरून सिस्टरकडं घेऊन आली.

मी तेव्हा खुर्चीत बसलेलोच होतो. सविता पायरीशी थांबली, ताटाकडं बघितलं आणि बांगडीला हात घातला. पारूबाईनं झटकन तिचं मनगट धरलं.

"सिस्टर, बाकी काय बी शिकवा. एवढं नका करू. माझं लेकरू मशीनवर हाय."

"मंग घरी जा," सिस्टर म्हणाल्या.

गेल्या. सिस्टर चेहरा दगडासारखा करून बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी दत्ता स्वतः आला. पाय सुजलेले, चेहरा मातकट. ओसरी चढवेना म्हणून माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकला. "सिस्टर," म्हणाला, "काढा तिच्या बांगड्या. मी काय बांगड्यावर जगून न्हाई राहिलो. मशीनवर जगून राहिलो."

सिस्टरनी त्याच्या सुजलेल्या पायावर बोट दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, "पाठवून दे तिला."

सविता यायला लागली. बांगड्या ताटात ठेवायची, जाताना परत घालायची. पोरगी हुशार होती. बोलायला हळू, पण विचारलेलं बरोबर सांगणारी. पारूबाई कामावरून आली की ओसरीच्या कडेला येऊन बसायची आणि सुनेच्या उघड्या मनगटांकडं बघत राहायची. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी सविता सगळे प्रश्न न अडखळता सांगून उठली. सिस्टर समाधानानं मला म्हणाल्या, "डॉक्टर, घेऊन टाका हिला." मी म्हणालो, "घेतली."

तेवढ्यात पारूबाई उठली आणि सिस्टरच्या पायांवर डोकं ठेवून मोठ्यानं रडायला लागली. "हितं काढती तवर काढू द्या. पण उद्या दिवसभर मोकळ्या हातानं परगावी नका पाठवू. त्याचा बी मशीनचा वार हाय उद्या. मला एकच हाय, सिस्टर. तुमाला काय सांगू, तुमाला तर ठाऊक हाय."

सिस्टर तिला उठवायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. त्यांच्या तोंडावरची ती कळा मी आधी कधी पाहिली नव्हती. आपल्या सासूचा आवाज त्यांना ऐकू आला असावा असं मला आजही वाटतं. त्या आत गेल्या, शिवणाचा पांढरा दोरा आणला, हळदीच्या पाण्यातून काढला आणि सविताच्या दोन्ही मनगटांना बांधला. "बांगड्या काढायच्या. पण हात मोकळा राहणार न्हाई. झालं?" पारूबाईनं हात जोडले.

मी न राहवून म्हणालो, "सिस्टर, कुणी बघितलं तर?"

"मुलाखत तोंडाची असती, रफीकभाई," त्या म्हणाल्या. मग सविताला म्हणाल्या, "हात टेबलाखाली ठेव."

ज्या बाईनं एवढ्या पोरींना हात टेबलावर ठेवायला शिकवलं, तिनंच हे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सविता बसमधून उतरली ती सरळ ओसरीवर आली आणि खाली बसली. तिनं सगळं एका सुरात सांगितलं. प्रश्न चांगले गेले. डॉक्टर खूश होते. मग मेट्रन उठल्या आणि म्हणाल्या, चल, बेसिनपाशी हात धुऊन दाखव. सविता उठली. सिस्टरनी शिकवलं होतं तसंच धुतलं, बेचक्या, अंगठा, मनगट. आणि पांढऱ्या बेसिनमध्ये पिवळं पाणी उतरायला लागलं.

"मेट्रन म्हणल्या, हे काय? म्या म्हणलं, मॅडम, मालक आजारी हायेत. त्या म्हणल्या, समजलं, पण काढ ते. कात्री दिली हातात." सवितानं मनगटावरचा दोरा ओढून दाखवला. "न्हाई कापलं गेलं मला. लई प्रयत्न केला, सिस्टर. तिकडं ते मशीनवर झोपलेले. मला न्हाई कापता आलं."

"मंग?"

"मंग त्या म्हणल्या, पेशंटपेक्षा दोरा मोठा वाटून राहिला तुला. पुढच्या पोरीला बोलावलं."

मेट्रनला मी दोष देत नाही. तिच्या जागी गंगासागर सिस्टर असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं, कदाचित कात्रीसुद्धा दिली नसती. सिस्टर म्हणाल्या, "तुझं काय बी चुकलं न्हाई. माझं चुकलं." आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. दिवसाढवळ्या त्यांचं दार लोटलेलं मी प्रथमच बघितलं.

दोन-चार दिवसांनी त्या स्वतः नांदेडला जाऊन त्या मेट्रनला भेटल्या. आयुष्यात कुणाची विनवणी न केलेली बाई. मेट्रननं त्यांना मानानं बसवलं, चहा दिला. म्हणाली, पोरगी चांगली आहे, जागा निघाली की परत बोलावते, पण मोकळे हात पाठवा. सिस्टरनी येऊन हे पारूबाईला सांगितलं. पारूबाई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. दत्ता खाटेवरून म्हणाला, "आवो, मीच कापतो ना दोरा. आणा कात्री." तो हसला. बाकी कुणी हसलं नाही.

बोलावणं यायच्या आधीच दत्ता गेला. मशीनवरून घरी आणला होता, रात्री भाकरीचा तुकडा खाल्ला, आणि सकाळी उठलाच नाही.

मी लगेच गेलो. आम्ही माणसं बाहेर, लिंबाखाली बसलो होतो. आतून बायकांचा आक्रोश ऐकू येत होता. मग मध्येच काच फुटल्याचा आवाज आला आणि आक्रोश एकदम वाढला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. कशाचा आवाज होता ते कुणी कुणाला विचारलं नाही. थोड्या वेळानं सिस्टर आल्या. नेहमीच्या टाचांचा आवाज नव्हता. दारात पोचल्या तोच पारूबाई आतून उठून आली. तिनं सविताला दंडाला धरून उभं केलं आणि तिचे दोन्ही हात सिस्टरपुढं धरले. मनगटांवर काचेनं ओरखडलेलं होतं, रक्ताचे बारीक थेंब आलेले.

"घ्या," पारूबाई म्हणाली. "झाले तुमच्या मनासारखे. आता घेतेत का नोकरीला?"

मला वाटलं, सिस्टर आता कोसळतील. त्यांनी कुणाकडून तरी पाणी मागवलं, पदराचं टोक भिजवलं आणि उभ्या उभ्या सविताची मनगटं पुसली. एक एक ओरखडा बघून, काच राहिली नाही ना ते बघून. पुसून झाल्यावर बाहेर आल्या आणि घरी निघून गेल्या. मला त्या बाईचा, म्हणजे पारूबाईचा, त्या दिवशी फार राग आला होता. आता येत नाही. ज्याचं पोटचं पोर समोर आडवं पडलंय त्यानं कुणावर तरी ओरडायला नको का?

तेरावं व्हायच्या आत हॉस्पिटलातून फोन आला. जागा निघाली होती. सुतकात बाई घराबाहेर पडत नाही, भावकीतल्या माणसांनी तोंडं वाकडी केली. पारूबाईनं त्यांना गप्प केलं. "जाऊ द्या तिला. आता काय राहिलं धरून बसायचं?" तयारीला सविता सिस्टरकडं आली नाही, आणि सिस्टरनीही मला हाक मारली नाही. मात्र त्या दिवशी सकाळी दोघी एकाच बसनं नांदेडला गेल्या. सिस्टर हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर बसून राहिल्या.

परत आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. दोघी माझ्या दुकानापाशी थांबल्या, हमीदानं पाणी आणलं. मी विचारलं, "काय झालं?"

"लागली," सविता म्हणाली.

चांगली बातमी होती, पण तोंडातून चांगलं म्हणवेना. सिस्टरनी बसमध्ये काही विचारलं नसावं, कारण त्यांनी तिथं, आमच्यासमोरच विचारलं, "मेट्रन काय म्हणल्या?"

सविता पाण्याचा तांब्या हातात धरून उभी होती. "त्यायनी वळखलं मला. म्हणल्या, मागं तुझ्या हातात दोरा व्हता ना? मंग हात पाहिले माझे, उलटेपालटे करून. म्हणल्या, शाब्बास. मन घट्ट केलंस. असंच पायजे."

"मंग तू सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू? त्या खूश झाल्या व्हत्या."

सिस्टर माझ्या दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. भर फाट्यावर, ट्रक-टेम्पो जात असताना, गाड्यावरची माणसं बघत असताना. तोंडावर हात घेतला होता, धुतलेला की न धुतलेला याची शुद्ध नव्हती. "मी बांधला तो दोरा," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "पैल्यांदाच लागली असती पोरगी. तो असताना लागली असती. त्यानं डोळ्यानं बघितलं असतं." मी म्हणालो, "सिस्टर, तो वाचला नसता." त्या म्हणाल्या, "वाचायचं कोण म्हणून राहिलं? माझी बायको घर सांभाळून राहिली, एवढं समाधान घेऊन तर गेला असता." हमीदा त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

सविता तांब्या खाली ठेवून म्हणाली, "सिस्टर, उद्या आठची ड्युटी हाय. बस कवाची धरू?"

सिस्टरनी पदरानं तोंड पुसलं आणि बसची वेळ सांगितली.

त्यानंतर ओसरीवर एकही पोरगी आली नाही. आल्या, पण सिस्टरनी दारातूनच परत पाठवल्या. "मला आता न्हाई जमत, माय." थोड्याच दिवसांत त्यांनी घराला कुलूप लावलं आणि जवळा बाजारला बहिणीकडं राहायला गेल्या. तिथंच पुढच्या थंडीत वारल्या. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. कुलूप लावून गेल्या त्या दिवशी मी माल आणायला हिंगोलीला गेलो होतो, त्यामुळं जातानाही दिसल्या नाहीत. मला त्या शेवटच्या नीट दिसल्या त्या सविताच्या ड्युटीच्या पहिल्या सकाळी.

मी शटर वर करत होतो. बस लागलेली होती. सविता आत चढून खिडकीशी बसली, तिनं हात वगैरे हलवला नाही. सिस्टर खाली उभ्या होत्या. बस निघाली, वळणावरून गेली, तरी सिस्टर तिथंच रस्त्यात. मागून ट्रकवाला हॉर्न देत होता, त्यांना ऐकूच येत नव्हतं. मी हाक मारणार, एवढ्यात रस्त्याच्या पलीकडून पारूबाई आली. रानात जायला निघाली असावी, कमरेला कापूस वेचायची झोळी होती. तिनं सिस्टरकडं बघितलं, ट्रकवाल्याला हात दाखवून थांबवलं, आणि सिस्टरच्या दंडाला धरून त्यांना रस्ता ओलांडून दारापाशी आणून सोडलं. मग पारूबाई कामाला निघून गेली.